एनसीपीएला सिम्फनी ऐकायला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचून निघा

जानेवारी संपत आला की मुंबईतल्या एनसीपीएच्या स्प्रिंग सीझनच्या जाहिराती दिसायला लागतात आणि माझ्या फोनवर तोच प्रश्न येतो, अगं ते तू जातेस ते ऑर्केस्ट्राचं, आपल्याला झेपेल का ते, आणि कपडे काय घालायचे. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पुढे ढकलणार.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला मांडव, जुनी हिंदी गाणी, ऑक्टोपॅड आणि दर गाण्याआधी पाच मिनिटं शेरोशायरी करणारा निवेदक. हा तो नाही. इथे साठ-सत्तर, कधी ऐंशीच्या वर माणसं स्टेजवर बसतात, माइक नसतो, गायक बहुतेक वेळा नसतो आणि निवेदक तर नाहीच. नरिमन पॉइंटच्या टोकाला समुद्राला चिकटून एनसीपीए म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स आहे, १९६९ साली जेआरडी टाटा आणि जमशेद भाभांनी सुरू केलेली संस्था, आणि तिचा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव या दोघांनी तो उभा केला. वर्षात दोन मोठे सीझन होतात, एक फेब्रुवारीच्या आसपास आणि एक सप्टेंबरच्या आसपास, आणि त्यासाठी बाहेरून कंडक्टर (समोर उभं राहून हातांनी सगळा ऑर्केस्ट्रा चालवणारे), सोलो वाजवणारे आणि बरेच वादकही येतात. फेब्रुवारीच्या सीझनला ते स्प्रिंग म्हणतात, मुंबईत वसंत म्हणजे पंखा दोनवरून चारवर जातो तेवढंच, पण असो.

आता कार्यक्रम निवडायचा कसा. सीझनमध्ये चार-पाच वेगवेगळ्या संध्याकाळी असतात आणि प्रत्येकीचं पत्रक जवळपास सारख्याच साच्याचं असतं: सुरुवातीला दहा मिनिटांचं एक ओव्हर्चर म्हणजे नांदीसारखा तुकडा, मग अर्ध्या तासाचा कन्चेर्टो म्हणजे एक सोलो वाजवणारा आणि त्याच्यामागे सगळा ऑर्केस्ट्रा, मग इंटरव्हल, मग मोठी सिम्फनी म्हणजे सगळ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली, काही भागांची लांब रचना. प्रत्येक नावापुढे ओपस अमुक, ई मायनर तमुक असं काय काय छापलेलं असतं, त्याला घाबरायचं नाही, आपण पत्रिकेत गोत्र वाचतो तसं वाचून सोडून द्यायचं. तुम्ही फक्त इंटरव्हलनंतरची सिम्फनी कुठली आहे ते बघा आणि त्यावरून तिकीट काढा. बीथोवनची पाचवी किंवा सातवी, ड्वोरझाकची नववी, चायकोव्हस्कीची चौथी-पाचवी, मोझार्टची चाळिसावी, यातलं काहीही असेल तर डोळे मिटून जा. ब्रुकनर आणि माहलर पहिल्या वेळी नको. वाईट आहेत म्हणून नाही, माहलरची तिसरी दीड तासाच्या वर चालते आणि पहिल्याच फेरीत माणूस मध्येच बाहेरच्या वड्याचा विचार करायला लागतो. वसंतावरचं काही असेल तर बघा, विवाल्दीच्या चार ऋतूंपैकी पहिला वसंतच आहे, १७२५ साली छापलेला, त्याच्या मधल्या संथ भागात गुराखी झोपलाय आणि व्हायोला दोन-दोन सुरांत कुत्र्यासारखा भुंकतोय, हे माहीत असलं की हसू आवरत नाही. शुमानची पहिली सिम्फनीही वसंताची. स्त्राविन्स्कीचा वसंत, 'द राइट ऑफ स्प्रिंग' नावाचा बॅले, मात्र वेगळा, त्याच्या १९१३ च्या पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांत मोठा गोंधळ झाला होता, त्यामुळे पहिल्या डेटला कोणाला त्याला नेऊ नये.

तिकिटं बुकमायशोवर किंवा एनसीपीएच्या साइटवर मिळतात. मेंबर लोकांना आधी बुकिंग उघडतं, त्यामुळे आपल्यासाठी खुलं होतं तेव्हा पुढची बरीच भरलेली असतात, आणि यात आपलं काहीही नुकसान नाही. कारण सगळ्यात पुढे बसायचंच नसतं. ही गोष्ट मला तीन वर्षांनी कळली. पहिल्या रांगांत बसलात तर तुमच्या नाकासमोर व्हायोलिनवाल्यांचे बूट आणि मागचं सगळं झाकलेलं, बासरी कोण वाजवतंय, ट्रम्पेट कुठून आला, काही दिसत नाही आणि आवाजही जवळच्या दोन-चार वाद्यांचाच जास्त येतो. वर बाल्कनीत बसा. तिथे आवाज एकजीव होऊन पोचतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा रांगोळीसारखा खाली मांडलेला दिसतो: डावीकडे व्हायोलिनं, उजवीकडे बहुतेक वेळा चेलो, त्यांच्यामागे उंचच उंच डबल बास, मध्ये बासरी-ओबो-क्लॅरिनेट-बसून, त्यामागे पितळी वाद्यं आणि सगळ्यात मागे तांब्याच्या मोठ्या हंड्यांसारखे टिंपानी. आणि बाल्कनी स्वस्त असते. अपवाद एकच, पियानोचा कन्चेर्टो असेल तर हॉलच्या डाव्या बाजूची सीट घ्या, बोटं तिथूनच दिसतात. उजवीकडून फक्त चेहरा आणि घाम.

जमशेद भाभा थिएटरमध्ये हजार-अकराशे माणसं बसतात आणि एवढ्या सगळ्यांपर्यंत बिनमाइकचा आवाज पोचतो. हे वाचायला साधं वाटतं. पण आपण आयुष्यभर सगळं गाणं स्पीकरमधून ऐकलंय, सवाईसुद्धा, आणि पहिल्यांदा जेव्हा पन्नास तारवाद्यं एकदम अगदी हळू वाजतात ना, इतकं हळू की शेजारच्याच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, तेव्हा कळतं की हळू आवाजही केवढा मोठा असू शकतो. यूट्यूबवर हे येत नाही. जायचं ते यासाठी.

पण यूट्यूबवर आधी ऐका मात्र जरूर. हा माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, बाकी विसरलात तरी चालेल. कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधीपासून ती एकच सिम्फनी चार-पाच वेळा कानावरून जाऊ द्या, लोकलमध्ये, भांडी घासताना, कशीही. आपल्याला मैफिलीत मजा का येते, तर बंदिश ओळखीची असते, मुखडा कुठे येणार ते माहीत असतं आणि गवई तो लांबवतो तेव्हा आपण वाट बघतो. इथेही अगदी तेच आहे. पहिल्या मूव्हमेंटमध्ये म्हणजे भागात साधारण दोन थीम, म्हणजे मुख्य चाली, येतात, एक जरा आक्रमक आणि एक गाती, मग मधल्या भागात त्यांची मोडतोड, ओढाताण, भलत्याच स्वरांवर फिरणं, आणि मग पहिली थीम मूळ जागी परत येते तो क्षण समेसारखाच असतो. पण थीम ओळखीचीच नसेल तर ती परत आली हे तुम्हाला कळणार कसं? मग लोक म्हणतात, छान होतं पण काही लक्षात राहिलं नाही.

हिंदुस्तानी ऐकणाऱ्यांना दोन ठिकाणी ठेच लागते, ती आधीच सांगते. एक म्हणजे इथे सा हलतो. तानपुरा नसतो. आपला कान एक सा धरून बसतो आणि पाच मिनिटांत यांनी तो सा उचलून दुसरीकडे नेलेला असतो, मग तिसरीकडे, आणि आपल्याला होडीत बसल्यासारखं होतं. त्याच्याशी भांडू नका. तेच त्यांचं नाट्य आहे, घरापासून लांब जायचं आणि परत यायचं. दुसरं म्हणजे आपण एकच ओळ ऐकतो, वरची, म्हणजे बहुतेक व्हायोलिनची, आणि खाली काय चाललंय ते सगळं आपल्यासाठी साथ. इथे ती साथ नसते. एक युक्ती करून बघा, एखादी मूव्हमेंट ठरवून फक्त चेलोंकडे बघत ऐका, वरची चाल तशीही ऐकू येणारच आहे, पण नजर चेलोवर असली की कानही तिकडे जातो आणि खालून दुसरंच गाणं चाललेलं सापडतं. मला हे एका म्हाताऱ्या पारशी काकांनी इंटरव्हलमध्ये सांगितलं, वर म्हणाले, एक सिम्फनी म्हणजे पाच तिकिटं आहेत डिकरा.

उदाहरणासाठी ड्वोरझाकची नववी घेऊ कारण आपल्या लोकांसाठी याहून चांगला दरवाजा नाही. तो चेक माणूस, अमेरिकेत नोकरीला गेला आणि तिथे ही लिहिली, १६ डिसेंबर १८९३ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. दुसरी मूव्हमेंट सुरू होते तेव्हा आधी फक्त फुंकायची वाद्यं, मुख्यतः पितळी, थोडे जड जड कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर वाजवतात, ते काय करतायत तर आधीच्या मूव्हमेंटचा सा उचलून हळूच नव्या जागी ठेवतायत. सा हलतो म्हणाले ना, तो इथे डोळ्यांदेखत हलताना ऐका. मग कोर आंग्ले नावाचं ओबोचं थोरलं भावंड एकटं वाजायला लागतं: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. भूपच. मावशीला पहिल्यांदा घेऊन गेले होते तेव्हा ती माझ्या मांडीवर थाप मारून कुजबुजली, "अगं, भूप!" आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवून पाहिलं. पुढे एके ठिकाणी तो निषादाला स्पर्श करतो, ध सां सां नी प ध असं काहीसं, तेव्हा भूप म्हणून कोणाशी पैज लावू नका, पण पाय टेकायला जमीन मिळते हे नक्की. मावशीचा चेहरा निषादावर जरा वाकडा झाला होता.

तर पोचायचं कसं. चर्चगेटहून नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी मिळते, चालायची सवय असेल तर समुद्राच्या कडेने पंचवीसेक मिनिटं, आणि आता मेट्रो तीनचं विधान भवन स्टेशन आहे, सीएसएमटीला उतरणाऱ्या आम्हा मध्य रेल्वेवाल्यांना त्याने फार सुख झालंय. संध्याकाळचा कार्यक्रम सातचा असेल तर साडेसहाला आत असा. उशिरा येणाऱ्याला वाजत असताना आत सोडत नाहीत, एक तुकडा संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागतं, आणि मध्येच उठून मिसळ खाऊन परत येऊन बसायचं हा जो सवाईचा सुखसोहळा आहे तो इथे नाही. रविवारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉक बघून निघा, हे काय सांगायला पाहिजे का. लहान मुलं न्यायची असतील तर वयाची अट तिकिटावर आधी वाचा.

कपडे काहीही. मोत्यांच्या माळा घातलेल्या आणि गाऱ्याच्या म्हणजे पारशी भरतकामाच्या साड्या नेसलेल्या पारशी आज्या दिसतील, त्यांना बघायलाच मला आवडतं, आणि त्यांच्याच शेजारी जीन्स घातलेली गिटार शिकणारी पोरं. कोणी कोणाकडे बघत नाही. फक्त एसी कडक असतो, शाल न्या. आणि खोकला असेल तर खडीसाखर किंवा गोळी आधीच कागद सोडवून रुमालात ठेवा, प्लास्टिकचा कागद सावकाश उलगडला की आवाज कमी होतो असं ज्यांना वाटतं त्यांना माझा नमस्कार, तो फक्त लांबतो. फोन सायलेंट नको, बंद करा, अंधारात स्क्रीन उजळली तरी मागच्या वीस जणांना दिसते.

सगळे बसले की सुरुवात अशी होते. ओबोवाला एक सूर देतो, तो ए, आणि सगळे आपापली वाद्यं त्याला जुळवून घेतात. अर्ध्या मिनिटात आटपतं, तानपुरे लागेपर्यंत पेपर वाचून होतो त्या मानाने हे फारच झटपट. पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख म्हणजे कन्सर्टमास्टर, तो आला की टाळी, मग कंडक्टर आला की टाळी. इथपर्यंत सोपं.

पुढचं टाळीचं गणित मात्र नीट ऐका. सिम्फनीत बहुतेक वेळा चार मूव्हमेंट असतात, कन्चेर्टोत तीन, आणि मधल्या थांब्यांना टाळी वाजवत नाहीत, सगळं संपल्यावर एकदाच. पत्रकात मूव्हमेंटची नावं एकाखाली एक छापलेली असतात, बोटांवर मोजत बसा, लाज कसली. त्यातही फसवणारे तुकडे आहेत. चायकोव्हस्कीच्या सहावीची तिसरी मूव्हमेंट अशी काही धडाक्यात संपते की कोणालाही वाटावं झालं, आणि मी, दुसऱ्याच कार्यक्रमात, सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, वर "वाह" पण म्हणाले. माझ्यामागून आणखी तीस-चाळीस जणांनी वाजवल्या म्हणून निभावलं. खरी चौथी मूव्हमेंट त्यानंतर येते आणि ती इतकी खचलेली, हळू हळू विझत जाणारी आहे की मला माझ्या टाळ्या रात्री झोपेपर्यंत आठवत होत्या. १८९३ च्या ऑक्टोबरमध्ये चायकोव्हस्कीने ही सिम्फनी पहिल्यांदा स्वतः कंडक्ट केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. उलट बीथोवनच्या पाचवीत तिसरी आणि चौथी मूव्हमेंट न थांबता जोडलेल्या आहेत, तिथे मोजणारा गोंधळतो. सोपा नियम: कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो आपल्याकडे वळेपर्यंत थांबा. शंका आली तर शेजारच्या आजींनंतर वाजवा.

आणि हे शांत बसणं काही फार सनातन नाही बरं का. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात चक्क खुशीने सांगितलंय की त्याच्या नव्या सिम्फनीत एक जागा आली तिथे लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. बीथोवनची सातवी १८१३ मध्ये पहिल्यांदा वाजली तेव्हा दुसरी मूव्हमेंट लोकांनी वन्समोअर मागून परत वाजवून घेतली. म्हणजे आपल्या नाट्यसंगीताच्या प्रेक्षकांसारखेच होते ते, नंतर शिस्त लागली. त्यामुळे चुकून वाजवलीत तर मान खाली घालू नका. पण "क्या बात है" मनातच म्हणा. मला याची सवय व्हायला वेळ लागला, कारण आपल्याकडे दाद ही गाण्याचाच भाग असते आणि इथे ती गिळायची. गिळलेली दाद शेवटी एकदम बाहेर येते, चार-चार वेळा कंडक्टरला परत बोलवतात, तेव्हा सगळी भरपाई करून घ्या.

इंटरव्हल वीस मिनिटांचा, कॉफीची रांग पंधराची. सोलो वाजवणारा कन्चेर्टोनंतर बऱ्याचदा एकट्याने एक छोटा तुकडा एन्कोर म्हणून वाजवतो आणि तो त्या संध्याकाळचा सगळ्यात सुंदर भाग निघू शकतो, तेव्हा रांगेत पहिला नंबर लावायला पळू नका.

एक शंका लोक विचारतात, हे आपलं आहे का. बघा, मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९३५ मध्ये उभा केला, त्यांचा मुलगा, प्रसिद्ध कंडक्टर झुबिन, १९३६ चा, मुंबईचाच. आणि गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढून आपले राग आणि हे सगळे ताफे एकत्र बसवायचा प्रयत्न केला. जुन्या हिंदी गाण्यांत मागे जी व्हायोलिनं वाजतात ती वाजवणारी कितीतरी माणसं गोव्याची, चर्चमध्ये नोटेशन शिकलेली. म्हणजे तुमच्या कानाला या आवाजाची ओळख लहानपणापासून आहे, फक्त पुढे गायक उभा असायचा. गोव्यात असाल तर जुन्या गोव्याच्या टेकडीवर मोंत चॅपलमध्ये साधारण फेब्रुवारीतच संगीत महोत्सव होतो, आपलं आणि पाश्चात्त्य दोन्ही, खाली मांडवी आणि मावळता सूर्य. तिथे मोठा ऑर्केस्ट्रा नसतो, छोटे ताफे असतात, पण सुरुवात करायला ते जास्त सोपं. पुण्यातल्यांनी कॅम्पातल्या मझदा हॉलवर नजर ठेवावी. आणि ज्यांची मुलं जर्मनीत आहेत आणि जे एप्रिल-मेमध्ये नातवंडं सांभाळायला जातात त्यांच्यासाठी, बर्लिनच्या फिलहार्मोनीत सीझनमध्ये आठवड्यातून एकदा भर दुपारी फुकट लंच कॉन्सर्ट असते, तासाभराच्या आत संपते, बाबागाडी ढकलणाऱ्यांचं वेळापत्रक त्यात बसतं.

निघताना घाई करू नका, टॅक्सीला तशीही गर्दी असते. आम्ही मावशीबरोबर बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. तिला येताना लोकलमध्ये मी सांगितलं होतं की ड्वोरझाकच्या या अख्ख्या नववीत झांज एकदाच वाजते, शेवटच्या मूव्हमेंटमध्ये, तीही हळूच, आणि ती पाऊण तास त्या एका झांजेची वाट बघत बसली होती. मी हौसेने पुढची महागाची तिकिटं काढलेली, सगळं व्हायोलिनवाल्यांच्या पाठीमागे झाकलेलं.

"वाजली का गं ती?" मावशीने विचारलं.

"वाजली की. तुला नाही ऐकू आली?"

"ऐकू आली, पण तो दिसला नाही ना वाजवताना. पुढच्या वेळी वरची तिकिटं काढ."